कडेलोट आणि फास : पारंपरिक शिकारीचे संग्रहालय

१. प्रश्नाचे स्वरूप

संग्रहालयात शस्त्रे मांडणे सोपे असते. शिकार मांडणे कठीण असते. भाल्याचे टोक, धनुष्य, जाळे किंवा फास काचेच्या पेटीत ठेवता येतो आणि त्याखाली नाव, स्थळ व काळ लिहिता येतो. परंतु शिकार ही मुळात एक कृती आहे. जनावराच्या सवयी, वाऱ्याची दिशा, जमिनीचा उतार, ऋतूचे मान, शिकाऱ्यांची परस्परांतील शिस्त आणि मिळालेल्या मांसाची वाटणी यांच्या मेळातून ती घडते. कृती थांबली म्हणजे यांतील बहुतेक घटक नाहीसे होतात आणि संग्राहकाच्या हाती केवळ हत्यार उरते. त्यावरून शिकारीची कल्पना करणे हे नांगराच्या फाळावरून शेतीची कल्पना करण्यासारखे आहे.

मानवाच्या अस्तित्वाचा फार मोठा काळ शिकार आणि अन्नसंकलन यांवर गेला, हे मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तरीही या जीवनपद्धतीस संग्रहालयांत मिळणारी जागा बहुधा दगडी हत्यारांच्या एक-दोन पेट्यांपुरतीच असते. या अडचणीस निश्चित उत्तर देणारे जे थोडे प्रयत्न झाले, त्यांत कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील हेड-स्मॅश्ड-इन येथील संग्रहालयाचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागतो. ब्लॅकफुट लोकांनी हजारो वर्षे केलेल्या बायसनच्या शिकारीचे हे संग्रहालय शिकारीच्याच जागी उभे आहे.

या संग्रहालयाची रचना समजून घेणे आणि तिच्या प्रकाशात मराठवाड्यातील एका शिकारी परंपरेचा, म्हणजे फासेपारध्यांच्या काळविटाच्या शिकारीचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन्ही परंपरा मोकळ्या गवताळ प्रदेशातील, दोन्ही कळपाने राहणाऱ्या जनावरावर आधारलेल्या आणि दोन्ही एकोणिसाव्या शतकात राज्यसत्तेच्या दडपणाखाली आलेल्या. तथापि एका परंपरेचे जगप्रसिद्ध संग्रहालय झाले आणि दुसरीची नोंद दीर्घकाळ मुख्यतः पोलिसी दप्तरांत व गॅझेटियरांच्या परिच्छेदांत राहिली. या अंतराची कारणे केवळ साधनसंपत्तीत शोधणे पुरेसे नाही. काही कारणे शिकारीच्या पद्धतीतच आहेत.

२. बायसन आणि गवा

आरंभी नावाविषयीचा एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. इंग्रज शिकाऱ्यांनी भारतातील गव्यास ‘इंडियन बायसन’ म्हटले, आणि ते नाव आपल्याकडेही रूढ झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरच्या अभयारण्याचा उल्लेख अद्याप कित्येकदा बायसनच्या नावाने केला जातो. वास्तविक गवा हा दाट जंगलात लहान कळपांनी राहणारा, गाई-बैलांच्या जवळचा प्राणी आहे. अमेरिकेतील बायसन हा खुल्या गवताळ मैदानाचा रहिवासी असून त्याचे कळप एके काळी अतिशय प्रचंड असत. एकोणिसाव्या शतकापूर्वी उत्तर अमेरिकेत त्याची संख्या काही कोटी असावी असे अनुमान केले जाते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन नऊशे किलोपर्यंत जाते. अशा जनावराची पायी शिकार करणे, तीही घोडा आणि बंदूक यांच्या साहाय्यावाचून, ही ब्लॅकफुट लोकांपुढील समस्या होती.

ब्लॅकफुट हे एका टोळीचे नाव नव्हे. सिक्सिका, कायनाई आणि पिकानी हे समाज मिळून हा संघ होतो. पिकानींची एक शाखा आज अमेरिकेच्या माँटाना राज्यात आहे. भाषा व आचार यांनी हे समाज एकमेकांशी बांधलेले आहेत आणि त्यांच्या जीवनात बायसनला असलेले स्थान अन्नाच्या पलीकडचे होते. तंबूचे कातडे, पांघरूण, शिंगांचे चमचे, हाडांची अवजारे, स्नायूंचे दोरे आणि धार्मिक विधींतील प्रतीके या सर्वांचा उगम एकाच जनावरात होता.

३. कडेलोटाचे शास्त्र

हेड-स्मॅश्ड-इन हे ठिकाण फोर्ट मॅक्लाउड या गावापासून सुमारे १८ किलोमीटर अंतरावर, पॉर्क्युपाइन टेकड्यांच्या दक्षिण कडेला आहे. येथील वालुकाश्माच्या कड्यावरून बायसनचे कळप खाली लोटले जात. महाराष्ट्रात ‘कडेलोट’ हा शब्द किल्ल्यांच्या टकमक टोकांशी आणि देहान्त शिक्षेशी जोडलेला आहे. येथे तो शिकारीच्या एका पद्धतीस अचूक लागू पडतो. कड्याची उंची आज सुमारे दहा मीटर भरते. पूर्वी ती याहून बरीच अधिक होती. पायथ्याशी साचत गेलेल्या हाडांनी आणि मातीने ती कमी केली. हा साठा काही ठिकाणी दहा मीटरांहून अधिक जाडीचा आहे. सर्वांत खालच्या थरांचा काळ सुमारे पावणेसहा हजार वर्षांपूर्वीचा असून, मधूनमधून खंड पडत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या जागेचा उपयोग होत राहिला.

कडा हे या व्यवस्थेचे केवळ शेवटचे टोक होय. त्याच्या पश्चिमेस सुमारे ४० चौरस किलोमीटरांचा एक विस्तीर्ण गवताळ खोलगट प्रदेश आहे. पाणी, गवत आणि आडोसा यांमुळे कळप तेथे स्वाभाविकपणे जमत. या प्रदेशापासून कड्याकडे येणाऱ्या वाटांच्या दोन्ही बाजूंस दगडांच्या लहान लहान राशींच्या रांगा रचलेल्या आढळतात. अशा राशींची संख्या पाचशेहून अधिक आहे. त्यांची उंची एवढी थोडी की त्यांनी जनावर अडावे हे शक्यच नाही. त्यांवर झुडपे, फांद्या रोवून त्या हलत्या दिसतील अशी योजना केली जात असे, आणि कळपाला मार्ग दोन्ही बाजूंनी बंद असल्याचा भास होई. बायसनची दृष्टी मंद आणि घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते, या निरीक्षणावर ही सर्व रचना उभी होती.

कळपाला या मार्गात आणण्याचे काम अनुभवी तरुणांकडे असे. काही जण वासराचे कातडे पांघरून चुकलेल्या वासराप्रमाणे ओरडत. माद्यांच्या नेतृत्वाखाली चालणारा कळप त्या दिशेने सरके. काही जण लांडग्याचे कातडे पांघरून कळपाच्या मागे वा बाजूला वावरत, म्हणजे कळप दाटून एकत्र होई. हे कार्य घाईचे नव्हते. कित्येकदा त्यास अनेक दिवस लागत. शेवटच्या टप्प्यात राशींच्या आड दबा धरून बसलेली माणसे एकदम उठून कातडी फडकावीत आणि आरडाओरड करीत. आपल्याकडील हाक्यात हाकारे जनावराला मचाणाकडे आणतात, त्याचेच हे मोठे रूप. भेद इतकाच, की येथे शेवटी नेमबाज नसे. जमिनीचा उतारच ते काम करी. धावत्या कळपाला कड्याची धार अगदी जवळ येईपर्यंत दिसत नसे, आणि पुढची जनावरे थबकली तरी मागची त्यांना लोटीत.

वाऱ्याचा विचार यात निर्णायक ठरे. या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. कळप पश्चिमेकडून पूर्वेकडे हाकला जाई; त्यामुळे कड्याखालच्या वस्तीचा धूर आणि माणसांचा वास कळपापर्यंत पोचत नसे, आणि मागून येणाऱ्या हाकाऱ्यांचा वास मात्र जनावरांना पुढे रेटी. वारा फिरला तर सर्व श्रम वाया जात.

कड्याखालच्या सपाट जागेत उरलेले काम चाले, आणि श्रमाचा मोठा भाग तेथेच होता. मांसाच्या पातळ पट्ट्या कापून त्या वाळविल्या जात. हाडे फोडून मगज काढला जाई. नंतर हाडांचे बारीक तुकडे कातड्याने मढविलेल्या खड्ड्यातील पाण्यात टाकून, त्यात तापलेले दगड सोडून, वर येणारी चरबी गोळा करीत. वाळलेले मांस कुटून, त्यात चरबी आणि प्रसंगी रानफळे मिसळून पेमिकन नावाचा टिकाऊ पदार्थ तयार होई. जागेवरचा वालुकाश्म विस्तवात फुटतो, म्हणून पाणी उकळण्यासाठी लागणारे कठीण गोटे दुरून वाहून आणले जात. घोडा येण्यापूर्वी, म्हणजे अठराव्या शतकापूर्वी, हे ओझे माणसे आणि कुत्री वाहत असत. असे शेकडो क्लेश सोसून एक समाज दीर्घ हिवाळ्याची बेगमी करीत होता.

४. संग्रहालयाची रचना

या जागेचे पहिले शास्त्रीय उत्खनन १९३८ मध्ये ज्युनियस बर्ड यांनी केले. १९४९ मध्ये बॉइड वेटलॉफर आणि १९६० च्या दशकापासून ब्रायन रीव्ह्ज यांनी काम पुढे नेले. १९८१ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि १९८७ मध्ये संग्रहालय खुले झाले. पुरातत्त्वज्ञ जॅक ब्रिंक यांनी या जागेवर दीर्घकाळ काम करून २००८ मध्ये तिच्यावर विस्तृत ग्रंथ लिहिला.

इमारत कड्याच्या उतारात सात टप्प्यांनी खोदून बसविली आहे. दुरून ती टेकडीचाच भाग वाटते. प्रेक्षक तळाशी प्रवेश करतो, पण प्रदर्शनास तेथून आरंभ होत नाही. तो प्रथम वरच्या टोकास जातो आणि कड्याच्या माथ्यावर उभा राहून कळप जमण्याचा प्रदेश, दगडांच्या राशींची दिशा आणि खालचे मैदान स्वतः पाहतो. मगच तो एकेक मजला खाली उतरतो. पहिल्या दालनात नापी या आदिपुरुषाचे विश्व, म्हणजे भूमी, हवामान, वनस्पती आणि प्राणी, दुसऱ्यात नापीच्या लोकांचे जीवन, तिसऱ्यात शिकार, चौथ्यात युरोपीय लोकांशी आलेला संबंध, आणि अखेरीस उत्खननाची पद्धती.

या क्रमात एक विचार आहे. पुरातत्त्वाचे दालन शेवटी ठेवल्यामुळे ब्लॅकफुट लोकांचे स्वतःचे कथन हे मूळ ठरते आणि उत्खनन हे त्याचे एक साधन. सामान्य संग्रहालयात हा क्रम नेमका उलटा असतो. प्रथम शास्त्रज्ञाची वर्गवारी येते आणि लोकांचे म्हणणे, आलेच तर, लोककथेच्या सदरात शेवटी येते.

स्थळाचे नावही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ब्लॅकफुट भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘जेथे त्याचे डोके चिरडले ती जागा’ असा होतो. कळप कोसळताना पाहावा म्हणून एक तरुण कड्याच्या खाली आडोशास उभा राहिला. त्या दिवशी जनावरे इतकी पडली की त्यांच्या ढिगाखाली तो दबून गेला, अशी कथा सांगतात. ही कथा पुराव्याने सिद्ध करता येत नाही आणि करण्याची आवश्यकताही नाही. अन्नाची समृद्धी आणि मृत्यू एकाच कड्यावर उभे असतात, ही जाणीव त्या समाजाने नावातच जतन केली आहे, आणि संग्रहालयाने ती भाषांतरासह प्रवेशद्वाराशीच मांडली आहे.

संग्रहालयाच्या उभारणीत ब्लॅकफुट समाजातील वडीलधाऱ्यांचा सल्ला घेण्यात आला आणि प्रेक्षकांना माहिती देणारे मार्गदर्शक मुख्यतः त्याच समाजातून घेण्यात आले. याचा परिणाम केवळ सौजन्यापुरता नाही. आपल्या आजीने मांस कसे वाळविले हे सांगणाऱ्या व्यक्तीस प्रेक्षक जे प्रश्न विचारतो, ते तो काचेच्या पेटीस विचारू शकत नाही. हे मार्गदर्शक जे सांगतात ते भूतकाळाचे वर्णन असूनही वर्तमान समाजाचे बोलणे असते.

त्या वर्तमानाचा इतिहास सुखाचा नाही. १८७० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या मैदानांतून बायसन जवळजवळ नाहीसा झाला. १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी केलेल्या गणनेत संपूर्ण खंडात सुमारे एक हजार जनावरे उरल्याचे दिसून आले. कातड्यांचा व्यापार, बंदुका आणि आगगाडी यांनी हा संहार काही दशकांत घडविला. कडेलोटाने तो हजारो वर्षांत घडला नव्हता. १८७७ च्या सातव्या करारान्वये ब्लॅकफुट राखीव प्रदेशांत बांधले गेले. १८८५ नंतर त्या प्रदेशाबाहेर पडण्यासाठी अधिकाऱ्याचा परवाना दाखविण्याची प्रथा लादण्यात आली, तिला कायद्याचा आधार नसतानाही. पारंपरिक विधींवरील निर्बंध १९५१ च्या कायदेबदलापर्यंत राहिले. २००० मध्ये आल्बर्टाने पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा केला आणि संग्रहालयांतील अनेक वस्तू ब्लॅकफुट समाजाकडे परतल्या. २०१४ मध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंच्या समाजांनी बायसन पुन्हा मैदानांत आणण्यासाठी आपसांत करार केला. संग्रहालयाचे चौथे दालन हा इतिहास टाळीत नाही.

५. मराठवाड्यातील पठार आणि फास

आता दृष्टी मराठवाड्याकडे वळविली असता प्रथम भूमीचे साम्य ध्यानात येते. बालाघाटाचे पठार, मांजरा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन, मधली माळराने आणि विरळ झुडपे हा काळविटाचा स्वाभाविक प्रदेश होय. काळवीट उघड्यावर कळपाने राहतो; तीक्ष्ण दृष्टी आणि वेग हेच त्याचे संरक्षण. बायसनच्या उलट तो वासापेक्षा डोळ्यांवर विसंबतो, म्हणून त्याच्या शिकारीचे शास्त्रही निराळे झाले.

या प्रदेशात मृगयेची परंपरा राजदरबारापासून माळावरील पालापर्यंत पसरलेली होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेस राजाच्या विनोदांत स्थान दिले आहे; ही कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्यास लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. पुढे चित्ते शिकवून त्यांच्याकरवी काळवीट धरण्याची पद्धत दरबारांत लोकप्रिय झाली आणि चित्ते सांभाळणाऱ्या पारध्यांस चित्तापारधी असे नाव पडले. परंतु राजाची मृगया हा विनोद होता. फासेपारध्याची शिकार ही उपजीविका होती.

फासेपारध्याचे मुख्य साधन त्याच्या नावातच आहे. जनावराच्या स्नायूंची वा आतड्यांची चिवट तात वळून तिचे सरकते फास करीत आणि ते एका लांब दोरीस ओळीने बांधून, खुंट्यांच्या आधारे कळपाच्या येण्याच्या वाटेवर मांडीत. मग काही जण दुरून वळसा घालून कळपाला हलकेच त्या दिशेने वळवीत. भिऊन उधळलेला काळवीट कोणत्याही दिशेस जाईल. संशयाने सरकणारा काळवीट आपल्या नेहमीच्या वाटेनेच जाईल. हे ओळखून हाका देण्याची गती ठरविली जाई. तितर आणि लावा यांसाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास असत, आणि पक्ष्याची हुबेहूब साद घालणे ही त्यांतील अर्धी विद्या होती. शिकवलेल्या गाईच्या वा बैलाच्या आडोशाने कळपाजवळ जाण्याची युक्तीही प्रसिद्ध आहे. काळविटास गुरांचे भय नसते. माणूस गुराच्या पायांबरोबर पाय टाकीत सरकतो. माणसाळवलेल्या नराच्या शिंगांस फास बांधून त्यास रानटी नरासमोर सोडण्याची पद्धतही जुन्या वर्णनांत आढळते. झुंजीच्या आवेशात प्रतिस्पर्ध्याची शिंगे फासात अडकत.

ब्लॅकफुट शिकारी वासराचे कातडे पांघरी आणि फासेपारधी गाईच्या आड चाले. दोन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच आहे : जनावराला जे ओळखीचे वाटते त्याचे रूप घेणे. भेद आहे तो परिणामात. कडेलोटात निवड करता येत नाही. नर, मादी, वासरू असा विचार न करता सर्व कळप कोसळतो. वाचलेले जनावर इतरांना सावध करील या समजुतीने कोणासही सुटू न देण्याची रीत होती, असेही नोंदलेले आहे. फास मात्र जनावरास जिवंत धरतो. शिकारी जवळ पोचेपर्यंत निर्णय खुला असतो. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या सुमारास महाराष्ट्रातील भटक्या समाजांच्या अभ्यासात नोंदविले आहे, की फासात सापडलेली गाभण मादी अथवा पाडस सोडून देण्याची प्रथा फासेपारध्यांत होती. त्याच अभ्यासात नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांनी शिकारीची साधने व प्राणी आपापसांत कसे वाटून घेतले होते, हेही दाखविले आहे : नंदीवाल्यांची शिकार कुत्र्यांच्या साहाय्याने, फासेपारध्यांची फासाने. एकाच माळावर अनेक समाज परस्परांशी स्पर्धा न करता जगू शकत, त्याचे एक कारण ही वाटणी होय.

६. खूण न ठेवणारी शिकार

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. कडेलोटाची शिकार एकाच जागी शतकानुशतके होते. म्हणून ती दहा मीटर जाडीचा हाडांचा साठा, दगडांच्या रांगा आणि हजारो हत्यारे मागे ठेवते. फासाची शिकार आज या माळावर, उद्या त्या नाल्याकाठी होते. तात कुजते, खुंट्या उपटून नेल्या जातात, जनावर वस्तीवर नेऊन वाटले जाते. मातीत काहीही राहत नाही. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने पहिली शिकार एक महान स्थळ असते आणि दुसरी जणू घडलेलीच नसते.

मराठवाड्यात व महाराष्ट्रात प्राचीन हाडे मुळीच नाहीत असे नव्हे. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या गाळाच्या थरांतून हत्ती, पाणघोडा आणि रानटी बैल यांचे अश्मीभूत अवशेष मिळाले असून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. एके काळी या खोऱ्यात प्रचंड तृणभक्षक वावरत होते याची ते साक्ष देतात. परंतु नदीने वाहून आणून गाळात पुरलेले हाड आणि माणसाने मारून फोडलेले हाड यांचा अर्थ एक नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या कचऱ्यात पाळीव जनावरांच्या हाडांबरोबर हरणवर्गीय प्राण्यांची हाडेही आढळली. म्हणजे शेतकरी समाजही शिकार करीत होता. पण ती कोणत्या पद्धतीने करीत होता, हे त्या हाडांवरून सांगता येत नाही. हाड जनावर ओळखून देते. फास ओळखून देत नाही.

यास्तव वस्तूंपासून आरंभ करणारे संग्रहालय नकळत एका प्रकारच्या शिकारीस मान देते आणि दुसरीस विसरते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील शासकीय संग्रहालयात सातवाहनकालीन व्यापाराचे आणि कलेचे उत्तम दर्शन घडते; नांदेड जिल्ह्यातील माहूर येथेही शासकीय संग्रहालय आहे. नगर, मंदिर आणि दुर्ग हे टिकाऊ पदार्थांत बोलतात, म्हणून त्यांचा इतिहास संग्रहालयात सहज येतो. माळावरील पालाचा येत नाही.

७. ज्ञान आणि गुन्हा

विस्मृतीचे दुसरे कारण राजकीय आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजी राज्यात जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची पद्धत सुरू केली. १९११ आणि १९२४ मध्ये तिचा विस्तार झाला. निजामाच्या राज्यातही याच धर्तीची व्यवस्था होती आणि मराठवाडा १९४८ पर्यंत त्या राज्यात होता. हजेरी, परवाना आणि सक्तीची वसाहत यांच्या जाळ्यात पारधी समाज सापडला. रात्री निःशब्द चालणे, माग काढणे, पशुपक्ष्यांचे आवाज काढणे, अंधारात वाट ओळखणे, ही सर्व शिकाऱ्याची विद्या होती. पोलिसी दप्तराने तीच गुन्ह्याची लक्षणे म्हणून नोंदविली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. परंतु पारधी पिढीवरील संशय कायद्याबरोबर रद्द झाला नाही.

पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली. माळराने शेतीखाली जाऊन काळविटाची संख्या घटली होती, हे पाहता संरक्षण आवश्यक होते, यात संशय नाही. तरीही या कायद्याने एका समाजाची उपजीविका थांबविली आणि तिच्या जागी दुसरी मिळाली नाही, हेही तितकेच खरे आहे. अशा प्रकारे वीस वर्षांच्या अंतराने एका कायद्याने माणूस मोकळा झाला आणि दुसऱ्याने त्याची विद्या निषिद्ध झाली.

या समाजांचा आवाज महाराष्ट्रात प्रथम साहित्याने ऐकविला. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पारध्यांचे कथन नव्हे. परंतु गुन्हेगार ठरविलेल्या समाजातील व्यक्तीने स्वतःच्या शब्दांत केलेले कथन किती बोलके असते, हे त्याने सिद्ध केले. आत्मकथनाने जे साधले ते संग्रहालयाने अद्याप साधावयाचे आहे.

८. संग्रहालयाची संभाव्य दिशा

हेड-स्मॅश्ड-इनपासून घ्यावयाचा धडा इमारतीचा नाही. तेथील तीन तत्त्वे मात्र येथे उपयोगी पडतील.

पहिले तत्त्व भूमीचे. शिकार समजावयाची असेल तर प्रेक्षकास माळावर नेले पाहिजे. कळपाची वाट, वारा आणि आडोसा दाखविण्यासाठी काचेची पेटी निरुपयोगी आहे. सोलापूरजवळील नान्नज आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी येथे काळवीट आजही संरक्षित माळावर दिसतात. मराठवाड्यातील उरलेली माळराने याच दृष्टीने पाहता येतील.

दुसरे तत्त्व कथनाचे. फास मातीत टिकत नाही. तो हातांत आणि स्मृतीत टिकतो. म्हणून या संग्रहालयाचे उत्खनन म्हणजे वृद्ध स्त्रीपुरुषांच्या मुलाखती, त्यांच्या भाषेतील संज्ञांचा कोश, पक्ष्यांच्या सादांचे ध्वनिमुद्रण आणि फास वळण्याच्या कृतीचे चित्रण. पारध्यांची बोली गुजराती-राजस्थानी वळणाची असून शिकारीच्या शब्दसंपत्तीचे मराठी प्रतिशब्द पुष्कळदा अपुरे पडतील. ते शब्द मूळ रूपातच नोंदले पाहिजेत. बायसनची हाडे कड्याखाली आणखी शंभर वर्षे वाट पाहू शकतात. १९७२ पूर्वी तरुणपणी फास मांडणारी व्यक्ती आज सत्तरीच्या पुढे आहे. तिची वाट पाहणे परवडणारे नाही.

तिसरे तत्त्व अधिकाराचे, आणि तेच सर्वांत नाजूक आहे. जी कृती कायद्याने निषिद्ध आहे तिचे ज्ञान सांगण्यास सांगणारा का धजावा? ज्याच्या पूर्वजांची नोंद पोलिसांनी केली, त्याने विद्यापीठाच्या नोंदवहीवर का विश्वास ठेवावा? संशोधकाने नावे गुप्त ठेवणे, नोंदींची मालकी समाजाकडे राहणे, प्रदर्शनात काय दाखवावे आणि काय दाखवू नये याचा निर्णय समाजाने घेणे, या अटींवाचून असे काम नीतीस धरून होणार नाही आणि यशस्वीही होणार नाही. अकोला व वाशीम जिल्ह्यांत ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाबरोबर माळरान आणि तणमोर यांच्या संरक्षणाचे काम केले आहे. पक्ष्याची साद ओळखणारा माणूस त्या पक्ष्याचा उत्तम रक्षक होऊ शकतो, हे त्यावरून दिसून येते. ज्ञान तेच, त्याचा उपयोग बदलतो.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात राज्यातील आदिवासींच्या वस्तूंचा मोलाचा संग्रह आहे. नांदेड व लातूर परिसरातील विद्यापीठीय विभागांनी त्यास पूरक असे दुसरे काम हाती घेणे उचित होईल : वस्तूऐवजी कृतीचा संग्रह. त्यास मोठ्या इमारतीची गरज नाही. भाषाशास्त्र, मानवशास्त्र, प्राणिशास्त्र आणि विधी या शाखांतील विद्यार्थ्यांचे सहकार्य आणि पारधी वस्त्यांतील जाणत्यांचे नेतृत्व एवढे त्यास पुरे आहे. असा संग्रह झाला तर प्रथमच एखाद्या दालनात पारध्याचे नाव आरोपीच्या रकान्याऐवजी जाणकाराच्या रकान्यात लिहिले जाईल. मराठवाड्यातील शिकारीच्या संग्रहालयाची खरी पायाभरणी त्या रकान्यापासून होणार आहे.